फुकटच्या कोर्सची चौकशी

२ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४.

विहारात सभा झाली. पुण्याची एक संस्था आपल्या अभ्यासिकेला आठ कॉम्प्युटर देणार आहे. फुकट. अट एकच. अभ्यासिका जो चालवतो त्यानं सहा आठवड्यांचा एक ऑनलाइन कोर्स पास केलेला पाहिजे. कोर्सही फुकट.

इथंच मला शंका आली. एसटीच्या तपासणी पथकात एकतीस वर्षं काढली. पैठण, सोयगाव, फुलंब्री, सगळ्या लाइनी पायाखालच्या. फुकट बसलेला माणूस मी तीन सीट मागून ओळखतो. फुकट बसवणारा ओळखायला जरा वेळ लागतो, एवढंच.

अध्यक्ष सखाराम म्हणाले, २१ डिसेंबरच्या सभेत ज्याच्याकडे सर्टिफिकेट असेल त्याच्याकडे किल्ली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिक आहे. अभ्यासिका मी उभी केली. बारा वर्षं सचिव आहे. रिटायर झाल्यापासून तर दिवसभर तिथंच असतो. किल्ली दुसऱ्या कोणाच्या हातात असल्याची मी कल्पनाही करू शकत नाही. इतरही करू शकत नसावेत.

तेवढ्यात मागून प्रेरणानं हात वर केला. म्हणाली, काका, मीपण करते कोर्स. प्रेरणा म्हणजे तिसऱ्या गल्लीतली, तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करते. सातवीपासून माझ्या नजरेसमोर अभ्यासिकेत बसते. सर्वात आज्ञाधारक मुलगी. म्हणून जास्त लक्ष ठेवावं लागेल.

३ नोव्हेंबर, सोमवार.

नाव नोंदवलं. मोबाइल नंबर मागतात. कशाला? सावधगिरी म्हणून बायकोचा, म्हणजे रत्नमालाचा, दिला. आता फसवणूक झालीच तर माझी होणार नाही.

साइट उघडीच होती म्हणून आणखी अकरा कोर्सना नाव घातलं. पाली, खगोलशास्त्र, स्पॅनिश, शेअर बाजार, मधमाशीपालन, कॉम्प्युटरची एक भाषा वगैरे. ज्ञानाला वय नसतं. योजना: अभ्यासिकेचा कोर्स सहा आठवड्यांचा आहे, तो सहा दिवसांत. बाकीचे मार्चअखेर. रोज पहाटे पाचला उठणे.

५ नोव्हेंबर, बुधवार.

पहाटे पाचला उठलो असतो, पण लॉगिन करताना ओटीपी रत्नमालाच्या मोबाइलवर जातो आणि ती झोपलेली असते. हा साइटचा दोष आहे. साडेआठला सुरुवात. ओटीपी विचारला तर ती म्हणाली, कोणालाही सांगू नका असं लिहिलंय.

पहिला व्हिडिओ आठ मिनिटांचा. शिकवणाऱ्या मॅडम कारण नसताना हसतात. मी सगळं शब्दशः उतरवून घेतलं, अगदी "नमस्कार, तुमचं स्वागत आहे" पासून. एक तास पन्नास मिनिटं लागली. अक्षर चांगलं आलं.

अभ्यासिकेतला सत्यम म्हणाला, काका, व्हिडिओ तिथंच राहतो की, लिहिता कशाला. मी म्हटलं, एसटीचं वेळापत्रकही स्टँडवरच राहतं. गाडी राहते का?

८ नोव्हेंबर, शनिवार.

सहा दिवस संपले. कोर्स सहा दिवसांत झाला नाही, पण पहिल्या आठवड्याचा भाग जवळपास अर्धा झाला. पाया पक्का असावा.

आज हजेरी नऊ. खुर्च्या चाळीस. जूनमध्ये छत्तीस मुलं होती. कारण उघड आहे: थंडी. शिवाय टीव्ही सेंटर चौकाकडे एसीवाल्या अभ्यासिका निघाल्या आहेत, महिन्याचे पैसे घेतात. तिथं मुलांना कोणी काही विचारत नाही म्हणे. मग शिस्त कशी लागणार?

आपल्याकडची पद्धत या रोजनिशीत एकदा लिहून ठेवतो, पुढं कोणाला उपयोगी पडेल. एक, रजिस्टर. आत आल्याची, बाहेर गेल्याची वेळ. पाणी प्यायला गेलं तरी. दोन, राउटर कपाटात कुलपात, धूळ बसू नये म्हणून. रेंज कमी येते, पण जी येते ती स्वच्छ येते. तीन, पेपरची स्पर्धापरीक्षेची पुरवणी मी घरी नेतो, फाटू नये म्हणून. चार, जाताना बॅग तपासणे. २०१९ मध्ये सामान्य ज्ञानाचं एक पुस्तक गायब झालं तेव्हापासून. ते पुस्तक नंतर आमच्याच घरी सापडलं, पण पद्धत चांगली होती म्हणून चालू ठेवली.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

पहिली चाचणी. दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. पहिल्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर 'ब' आलं. तीनदा लागोपाठ 'ब' कसं येईल? हा सापळा आहे. तिसऱ्याचं 'ड' केलं. चौथ्याचंही 'ब' येत होतं. तेव्हा माझी खात्रीच झाली आणि मी चारही बदलले.

दहापैकी तीन.

सत्यमला म्हटलं, तू एकदा सोडव, प्रश्नपत्रिका बरोबर आहे का बघू. त्याला नऊ मिळाले. आधी एका चौकोनात टिक करावी लागते की हे काम माझं स्वतःचं आहे. केली. सत्यमला मी बसवलं, म्हणजे माझंच आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार.

मेल आला. "कडुबा, तुमची आठवण येते. तीन दिवस तुम्ही दिसला नाहीत."

मी तीन दिवस कुठं होतो हे यांना कसं कळलं? मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. आता बाहेरगावच्या आमच्या मुलीशी व्हिडिओवर बोलताना तिला मी दिसत नाही. ती म्हणते, बाबा, तुमचा आवाज तरी बरा येतोय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

अभ्यासक्रमाचा फेरआढावा. खगोलशास्त्र: रद्द, आकाश ढगाळ. स्पॅनिश: तिकडं आपलं कोणी नाही. शेअर बाजार: शिकवणारा स्वतः इतका श्रीमंत असेल तर फुकट का शिकवतो? मधमाशी: रत्नमालाचा विरोध. पाली: चालू ठेवणार, पण उद्यापासून. एकाग्रतेसाठी हे आवश्यक होतं.

प्रेरणा तिसऱ्या आठवड्यात पोचली, असं कळलं. कळलं म्हणजे रजिस्टरची वेळ लिहिताना तिच्या मोबाइलवर नजर गेली. मी विचारलं, तुला किल्ली कशाला पाहिजे गं? ती म्हणाली, किल्ली नकोय काका, सकाळी सहाला दार उघडं पाहिजे. मी साडेनऊला उघडतो. सहाला कोण अभ्यास करतं? मला यात काहीतरी लपवल्यासारखं वाटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार.

मागं पडलो आहे हे मान्य. उपाय: आज सलग अठरा तास अभ्यास. आपल्याकडं प्रथाच आहे. दर एप्रिलला जयंतीनिमित्त मुलं अठरा तास वाचन करतात आणि मी दारात बसून घड्याळ बघतो. म्हणजे प्रत्येक वर्षी माझेही अठरा तास होतातच.

सकाळी ६. सुरुवात. अंघोळ, वंदना, वही, दोन पेनं.
६.२०. ओटीपी.
६.४५. ओटीपी आला.
७.००. चहा.
७.३०. दुसऱ्या आठवड्याचा पहिला व्हिडिओ. विषय: शिकणाऱ्यावर विश्वास. मॅडमना एसटीत एक महिना पाठवायला पाहिजे.
८.१५. पोहे.
८.५०. डोळ्यांना विश्रांती. तज्ज्ञ सांगतात.
दुपारी १२.४०. विश्रांती थोडी लांबली.
१.००. जेवण.
२.३०. व्हिडिओ पुढं. "मुलं येत नसतील तर आधी स्वतःला विचारा." विचारलं. थंडी.
५.००. सखाराम चहाला आले. अभ्यास कसा चाललाय विचारलं. अठरा तासांचा धरलाय म्हटलं. ते प्रभावित झाले.

एकूण: नऊ ते अठराच्या दरम्यान.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार.

गोष्टी वेगानं पुढं सरकत आहेत. सत्यमच्या मदतीनं तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या आठवड्याच्या प्रश्नपत्रिका बरोबर असल्याची खात्री करून घेतली. व्हिडिओ मुलं नसताना लावून ठेवतो, मी कपाटं आवरतो, साइटला वाटतं बघतोय. त्यांनी माझ्यावर पाळत ठेवली, मी त्यांना पाळत ठेवायला काहीतरी दिलं.

आज हजेरी सात. दहाव्या गल्लीतल्या दोघी बहिणी आल्या नाहीत. आठवडा झाला म्हणतात. थंडी.

४ डिसेंबर, गुरुवार.

शेवटचा टप्पा. लेखी काम. "तुमच्या अभ्यासिकेतली सर्वात मोठी अडचण लिहा आणि तिच्यावर उपाय सुचवा." हे काम मॅडम तपासणार नाहीत. कोर्सची मुलंच एकमेकांचं तपासणार, नाव न कळता. प्रत्येकानं तीन जणांचं तपासायचं, मगच स्वतःचे मार्क मिळणार.

म्हणजे पगारी तपासनीस ठेवायचे पैसे वाचवले. फुकटचं गुपित शेवटी इथं आहे. मी म्हटलंच होतं.

माझं लेखन चार ओळींत झालं. "अडचण: विद्यार्थी. ते वेळेवर येत नाहीत, आणि अलीकडं येतच नाहीत. उपाय: सचिवाला आणखी अधिकार." सुटसुटीत. लांबण लावणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं.

९ डिसेंबर, मंगळवार. दुपारी ३.

तीन जणांचे पेपर तपासायला आले. किती वर्षांनी तपासणीचं काम! इस्त्रीचा शर्ट घातला.

पहिला: कुठल्यातरी तांड्यावरची अभ्यासिका, अडचण म्हणे वीज. मेणबत्ती आणा. दोन मार्क. दुसरा: पुस्तकं कमी. पुस्तकं वाढवा. तीन मार्क.

तिसरा मात्र खरा. माणसानं मनापासून लिहिलंय. काही ओळी उतरवून घेतो:

"आमच्या तालुक्याच्या गावी एक अभ्यासिका आहे. सोसायटीत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी सुट्टीच्या दिवशी घरोघरी फिरून पुस्तकं आणि खुर्च्या मागितल्या आणि ती उभी केली. ते नसते तर माझ्यासारख्या मुली स्वयंपाकघरात ओट्याखाली बसून शिकल्या असत्या. पण आता तिथं पाणी प्यायला गेलं तरी वेळ लिहावी लागते. इंटरनेट कुलपात आहे. पेपरची पुरवणी ते घरी नेतात. जाताना आमच्या बॅगा उघडतात. ज्यांना परवडतं ते पैसे भरून दुसरीकडं गेले. ज्यांना परवडत नाही त्यांनी अभ्यास सोडला. गेल्या महिन्यात दोघी बहिणींनी सोडला. उपाय मला माहीत आहे. किल्ली शिकणाऱ्यांकडं यावी. पण हे त्यांना सांगायचं कसं, ते मला कळत नाही. त्यांचं मन मोडायचं नाहीये. म्हणून माझा उपाय अर्धाच आहे."

वाचून माझं रक्त तापलं. असली माणसं असतात! मुलींच्या बॅगा उघडतो म्हणजे काय? आणि पुरवणी घरी नेतो? बहुतेक फुलंब्रीकडचा असावा. त्या लाइनला असे दोन-तीन ओळखीचे आहेत. राउटर आपल्याकडंही कपाटात आहे, पण त्यामागं धुळीचं कारण आहे. रजिस्टरही आहे, पण त्यात विचार आहे. याच्यात नुसता संशय दिसतो. अशा माणसाला वाटत असतं की आपल्यावाचून सगळं बंद पडेल.

दहापैकी दहा दिले. शेरा लिहायला एक तास घेतला. कोर्सभर केलेलं माझं हे सर्वात चांगलं काम:

"मुली, उपाय अर्धा ठेवू नकोस. सांगायला घाबरू नकोस. भर सभेत हे वाचून दाखव. तो माणूस खरंच अभ्यासिकेचा असेल तर स्वतः हात वर करून किल्ली देईल. दिली नाही, तर समज की त्याला अभ्यासिका नकोच होती, कुलूप पाहिजे होतं."

रत्नमालाला सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. मुलीचं लेखन आणि माझा शेराही. ती गहू निवडत होती. हात थांबला तिचा. विचारलं, "हे कुणाचं हाय म्हणता?"

मी म्हटलं, असेल कोणीतरी फुलंब्रीचा.

तिनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "पाठवायच्या आधी एकदा परत वाचा. सावकाश."

माझ्या चांगल्या कामात खोट काढायची तिला सवय आहे. लगेच पाठवून टाकला.

१४ डिसेंबर, रविवार.

एक आठवडा उरला. तयारी: सभेत बोलायचे मुद्दे काढले. सर्टिफिकेटला फ्रेम कुठली करायची ते गुलमंडीच्या बाजारात जाऊन पाहून आलो. रत्नमालाला विचारलं, सागवानी बरी की सोनेरी? ती म्हणाली, आधी कागद येऊ द्या. अलीकडं ती माझ्याशी फार हळू बोलते, आजारी माणसाशी बोलतात तसं. हिला प्रेरणानं फितवलं असेल का?

हजेरी पाच.

१८ डिसेंबर, गुरुवार.

निकाल. नापास.

तीन परीक्षकांनी मला मिळून तीसपैकी सात दिले. एकानं शेरा लिहिलाय: "लेखकाला अडचण दिसली आहे, पण तो तिच्या जागी उभा राहून बघतो आहे." याचा अर्थ काय? असल्या लोकांना तपासणीचं काम देतातच कसं? नाव कळू देत नाहीत, यातच सगळं आलं. मी इतक्या न्यायानं तपासलं, आणि मला असे भेटले.

तक्रारीचा मेल लिहिला. पाठवायला लॉगिन करावं लागतं. ओटीपी रत्नमालाकडं, आणि ती बचत गटाला गेलेली.

१९ डिसेंबर, शुक्रवार.

सखारामांकडं जाऊन आलो. परिस्थिती समजावली: मूल्यमापनात घोळ, परीक्षक अज्ञात. सखाराम सज्जन माणूस. म्हणाले, कडुबा, तुमच्याशिवाय अभ्यासिका नाय हे सगळ्यांना माहितंय. रविवारी मी सभेला सांगतो, संस्थेकडं तीन महिन्यांची मुदत मागू, तवर किल्ली तुमच्याकडंच राहील. कोणी नाय म्हणणार नाय.

म्हणजे झालं. प्रेरणा पास झाली म्हणतात. होऊ दे. सर्टिफिकेट तिच्याकडं, किल्ली माझ्याकडं. मार्चमध्ये पाहू.

२१ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ७.

सभा झाली.

चाळीसेक माणसं. ज्या मुलांना मी महिनोन् महिने पाहिलं नव्हतं, तीही भिंतीला टेकून उभी. दहाव्या गल्लीतल्या दोघी बहिणीही. रत्नमाला बायकांत पुढं बसली होती.

सखारामांनी ठरल्याप्रमाणं मुदतीचं सांगितलं. कोणी नाही म्हटलं नाही. लोक माना हलवत होते. मग ते म्हणाले, आपली प्रेरणा पहिल्या फटक्यात पास झाली, तिला लेखी कामात एका परीक्षकानं पैकीच्या पैकी दिले, टाळ्या वाजवा. वाजवल्या. मीही वाजवल्या. सखाराम म्हणाले, पोरी, काय लिहिलंस ते वाच तरी.

ती नको म्हणाली. दोनदा म्हणाली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, मी हे कधीच वाचणार नव्हते, पण ज्यांनी तपासलं त्यांनी लिहिलंय, घाबरू नकोस. आणि तिनं मोबाइल काढला.

पहिलं वाक्य ऐकलं आणि मला वाटलं, ही त्या फुलंब्रीच्या मुलीची नक्कल करून आली. उठून सांगणार होतो की हे काम माझ्याकडं तपासायला आलं होतं, चोरी पकडली. अर्धा उठलोही. तेव्हा रत्नमालानं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मी खाली बसलो.

प्रेरणा वाचत होती. एसटीच्या जागी घातलेली सोसायटीतली नोकरी आली तेव्हा कोणी हसलं नाही. पाण्याचं आलं. पुरवणीचं आलं. बॅगांचं आलं तेव्हा त्या दोघी बहिणींनी खाली पाहिलं. सभेत एवढ्या लोकांना आधीपासून माहीत असलेली गोष्ट मला एकट्यालाच आज पहिल्यांदा ऐकू येत होती.

मग तिनं शेरा वाचला. "तो माणूस खरंच अभ्यासिकेचा असेल तर..." माझंच वाक्य. आवाज तिचा. पुढचं तिला वाचवेना, ती थांबली. मला पाठ होतं.

सखाराम घाईनं म्हणाले, हे कोण परीक्षक कुठले, त्यांना इथली काय माहिती, आपण मुदतीचं ठरवलंय ना, विषय संपला. त्यांच्याकडं बघून मला वाटलं, खरंच संपला. किल्ली माझ्याकडंच राहणार होती. मला फक्त गप्प बसायचं होतं. एकतीस वर्षांत हे मी इतरांना करताना पाहिलंय. तपासनीस गाडीत चढला की खिडकीबाहेर बघायचं.

हात वर केला.

सखाराम म्हणाले, बोला कडुबा. मला बोलायचं नव्हतं. मुद्दे खिशातच राहिले. पुढं जाऊन किल्ली प्रेरणाच्या हातात दिली. राउटरच्या कपाटाचीही दिली. ती रडायला लागली, म्हणून बायका पुढं आल्या आणि मला बाजूला होता आलं.

बाहेर चपला घालताना सत्यम म्हणाला, काका, उद्या सकाळी सहाला या ना, पहिला दिवस आहे. मी म्हटलं, बघतो, थंडी फार असते.

प्रेरणा मागून आली. डोळे पुसत म्हणाली, "काका, तुम्हाला राग आला असेल."

मी म्हटलं, नाही.

"मला त्या परीक्षकांचे आभार मानायचेत. पण साइट नाव सांगत नाही. कोण असतील ते?"

रत्नमाला माझ्या शेजारीच उभी होती. मी म्हटलं, "असेल कोणीतरी फुलंब्रीचा."

"लई भला माणूस हाय," रत्नमाला म्हणाली. "पण त्यानं लिहिलेलं परत वाचायला पाहिजे होतं."